शून्याच्या खाली

७ नोव्हेंबर १९९४, सोमवार

रोजनिशीची सवय मला नाही, पण आजपासून लावून घेणार आहे. इथे बोलायला माणूस नाही, तेव्हा वहीशीच बोलावं म्हणतो.

दुपारी साहेबांच्या जीपमधून उतरलो. चौकी झकास आहे! पाटबंधारे खात्याची जुनी दगडी इमारत, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पाट. शेजारी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं आवार आणि जनावरांना पाणी प्यायला हौद. जागा दोन गावांच्या बरोबर शिवेवर, म्हणजे ना ह्यांची ना त्यांची. घोडेगावच्या बाजाराला जाणारी जनावरं ह्याच रस्त्याने जातात. ती थांबवायची, तपासायची आणि निरोगी असतील तर दाखला देऊन सोडायची. पद पशुधन पर्यवेक्षकाचं, थाट मात्र नाक्यावरच्या फौजदाराचा.

खरा थाट यंत्राचा आहे. जेवणाच्या डब्याएवढं, बॅटरीवर चालणारं, पुढे लाल आकडे. जनावराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात कापसाची काडी फिरवायची, ते पाणी यंत्राच्या खाचेत सोडायचं. बुळकांडीचे विषाणू असतील तर दोन मिनिटांत आकडा चढतो. दहाच्या आत निरोगी, पन्नासच्या वर पक्का रोगी. आजवर रक्त काढून, बर्फात घालून पुण्याला धाडायचं आणि जनावर मेल्यावर उत्तर यायचं. आता उत्तर जागच्या जागी. ही चाचणी यशस्वी झाली तर जिल्हाभर अशी यंत्रं देणार आहेत.

अलीकडच्या गावचे पोलीस पाटील आबासाहेब चार माणसं घेऊन आले होते, किटलीत चहा घेऊन. जेवणाची काळजी करू नका म्हणाले. यंत्र बुळकांडी शोधायचं आहे असं कळल्यावर मात्र चौघांनीही कप खाली ठेवले. रोग जवळपास संपलेला आहे, कुठे दडून बसला नाही ना एवढंच बघायचंय, असं मी समजावलं. आबासाहेब म्हणाले, "सरकार उगं कुटं येत न्हाई साहेब. जवळ आली असंल ती." रोगाला 'ती' म्हणतात ह्याची मला मोठी गंमत वाटली.

आईला पत्र टाकलं. अकोल्याकडच्या आमच्या गावात ती एकटीच आहे, आणि मोरी गाय पहिलारू, महिनाभरात विणार. दहा डिसेंबरपासून पंधरा दिवसांची रजा साहेबांनी तोंडी कबूल केली आहे. तेहेतीस दिवस राहिले.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच फजिती. यंत्राला रोज चालू केल्यावर शून्य दाखवावं लागतं, म्हणजे ज्यात रोग नाही असं डोळ्यातलं पाणी आधी पाजावं लागतं. वाणी तराजूत आधी रिकामी टोपली ठेवून काटा बरोबर करतो ना, तसं. त्यासाठी दिलेल्या बाटल्या जीपच्या धक्क्यांनी फुटलेल्या. घोडेगावला जाऊन साहेबांना फोन केला. ते हसले. माणसाला बुळकांडी होत नाही, तेव्हा नव्या बाटल्या येईपर्यंत रोज सकाळी तुझ्याच डोळ्यातलं पाणी घाल, म्हणाले. तसंच केलं. पहिल्याच दिवशी अठरा जनावरं, सगळ्यांचा आकडा शून्य नाहीतर एक. एका खिलार बैलाने माझा हात कोपरापर्यंत चाटला.

आवारातून परत आलो तर ओट्यावर पत्रावळीत जेवण झाकून ठेवलेलं. दहीभात, बाजरीची भाकरी, कांदा, गुळाचा खडा. आबासाहेब शब्दाला जागले म्हणायचे. मी भुकेने कासावीस झालो होतो, शीतही सोडलं नाही. मग आईच्या शिस्तीप्रमाणे पत्रावळ नीट दुमडून, वर दगड ठेवून, ओट्याच्या कडेला ठेवली.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा ताट. कोण ठेवून जातं दिसत नाही. मी आवारात असताना येतं, भर दुपारी. मधले दोन दिवस माझ्याच हातची खिचडी खाल्ली, तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

माणूस असा कोणी थांबत नाही. व्यापारी दाखला घेतात आणि निघतात. गावात जाऊन यावं म्हटलं, पण पाराजवळ गेल्यावर सगळी उठून उभी राहिली आणि कोणी बसेना. मलाच अवघडल्यासारखं झालं. आदर जास्त झाला की गप्पा होत नाहीत.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक गंमत. जनावरांचे आकडे शून्याच्या खाली आले. उणे तीन, उणे तीन, उणे चार. म्हणजे शून्यापेक्षाही निरोगी! आमच्या खात्याच्या इतिहासात असा चमत्कार झाला नसेल. बॅटरी उतरली असणार.

ताट आलं होतं. मंगळवार आणि शुक्रवार हे दिवस मी आता वाट बघण्याचे धरले आहेत. जेवणापेक्षाही कोणीतरी आपली आठवण ठेवतंय ह्याचं बरं वाटतं. आज डोळे भरून आले. एवढ्याशा दहीभाताने रडणारा सव्वीस वर्षांचा सरकारी नोकर! सकाळी यंत्राला पाणी काढताना मात्र डोळे चोळावे लागत नाहीत, आपोआप वाहतात.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

नवी बॅटरी घातली. तरी उणे एकोणीस. सगळ्यांचंच. घोडेगावहून पुन्हा फोन केला. उन्हाने होत असेल, सावलीत ठेव आणि काम चालू ठेव, असं साहेबांचं उत्तर.

ताट कोण आणतं ते आज पाहिलं. खिडकीशी बसून राहिलो होतो. साठीची एक बाई, कासोटा घातलेली. तिने ताट ठेवलं, ओट्याला डोकं टेकलं, आणि पाठ न वळवता सात पावलं मागे मागे गेली. मी दार उघडून नमस्कार केला. मावशी, दोन मिनिटं बसा की, म्हणालो. तिने पदर तोंडावर घेतला आणि धावत सुटली. पाटाच्या पुलापर्यंत मी नुसता बघत उभा होतो. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज सगळी जनावरं उणे चौसष्टच्या आसपास. एकच बैल वेगळा, पलीकडच्या गावच्या पुंजारामचा. त्याचा आकडा शून्य. बरोबर शून्य. इतक्या वेड्यावाकड्या आकड्यांत एक तरी सरळ आला म्हणून मला हायसंच वाटलं. बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुळीचं असेल. दाखला दिला.

जनावरं आता माझ्याकडे पाठ करून उभी राहतात. मी टाकलेल्या कडब्याला तोंड लावत नाहीत.

२८ नोव्हेंबर, सोमवार

पुंजारामचा बैल मेला. तोंडात फोड, नाकाडोळ्यांतून धारा, हगवण. पुस्तकात दिलंय तसं, ओळ न् ओळ. पुंजाराम सांगायला आला होता, रस्त्यावरूनच ओरडून बोलला, आवारात आला नाही. तुमी तर चांगला हाय म्हनून कागुद दिला, म्हणाला.

मी दिला होता. शून्य होतं.

घोडेगावला जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. रजेचं विचारायचं विसरलो.

३० नोव्हेंबर, बुधवार

एसटीच्या कंडक्टरच्या हाती साहेबांनी शून्याची एक बाटली पाठवली. पाच वेळा पुरेल एवढी.

बाटलीतल्या पाण्याने शून्य लावलं. आवारातल्या म्हशीचा आकडा एक. दुसरीचा शून्य. यंत्र ठणठणीत आहे.

मग माझ्या डोळ्यातलं घातलं.

एकाहत्तर.

तीन वेळा घातलं. एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर. जनावरं खाली जात नव्हती. रोज सकाळी मीच वर चढत होतो. टोपलीच जड होत होती. आणि पुंजारामचा बैल शून्यावर होता, म्हणजे तो माझ्याइतकाच—

१ डिसेंबर, गुरुवार

साहेबांचं म्हणणं, माणसाला होत नाही म्हणजे नाही. यंत्रात दोष आहे, दुसरं येईपर्यंत चौकी बंद ठेव, पण तू तिथून हलू नकोस. शेवटचं वाक्य दोनदा म्हणाले. बोलून झाल्यावर फोनवाल्याने रिसीव्हर फडक्याने पुसला. माझे डोळे बघून पुसला असेल. परतीला एसटीत बसलो नाही. रस्त्यात कोणाच्या गोठ्यावर माझा वारा जायला नको म्हणून पाटाच्या कडेने चालत आलो.

तोंड आलंय. भाकरी झोंबते. आईला कार्ड टाकलं की रजा मिळाली नाही, येत नाही. खरं कारण असं की मोरी विणायला झाली आहे आणि मी तिच्या जवळपाससुद्धा फिरकता कामा नये. पण हे कार्डावर कसं लिहायचं?

२ डिसेंबर, शुक्रवार

आज ताट घेऊन आलेल्या बाईला अडवलं. तिचं नाव केशरबाई. मी हात जोडले, खरं सांगा म्हणालो. ती सात पावलांवर उभी राहून बोलली. ते ताट माझं नव्हतंच. गावात रोग शिरू नये म्हणून मरीआईचा निवद शिवेवर ठेवायचा ही जुनी रीत. ह्याच ओट्यावर ठेवतात. जेवून ती इथेच थांबावी, आत येऊ नये म्हणून. कुत्री-कावळे उधळतात एरवी. ह्या वेळी पत्रावळ नीट दुमडलेली, वर दगड. गावाला वाटलं, आई बसून जेवली. मग कळलं की साहेब जेवतात. "गावातलं कुनी हात लावलं नस्तं साहेब. ल्हान पोराला बी ठावं हाय. तुमाला कसं न्हाई?"

कसं असेल? आमच्या घरात छप्पन सालीच देव्हारा निघाला. आजोबांनी ह्या गोष्टींचं नावसुद्धा घरात काढू दिलं नाही. मी जेवणाकडे जेवण म्हणून बघायला शिकलो.

मग मला सांगितलं का नाही, असं विचारलं. तिने मान खाली घातली. आजूबाजूच्या गावांत जनावरं आजारी आहेत, ह्या गावातलं एक शेपूटही पडलेलं नाही. कोणाची जीभ उचलेना, म्हणाली.

मी ताट उचललं आणि पाटात टाकलं. संध्याकाळी शून्य लावून स्वतःचं पाणी घातलं. चौऱ्याहत्तर. असले योगायोग असतात. आधी खाणं बंद, मग बघू.

४ डिसेंबर, रविवार

माझा आकडा एकोणपन्नास.

केशरबाई गाय घेऊन आली. रडत. गाईच्या डोळ्यांतून धार. तिचा आकडा बावीस.

आबासाहेबांची दोन वासरं उठत नाहीत म्हणे.

मी नमुने घेतो, आकडे लिहितो. मला दुसरं काही येत नाही. पण हे आकडे—एकीकडे उतरतात, दुसरीकडे चढतात.

६ डिसेंबर, मंगळवार

आज सहा डिसेंबर. बाबासाहेबांच्या नावाने एकट्यानेच मेणबत्ती लावली. दरवर्षी आई आणि मी मिळून लावतो.

दुपारी गाव आलं. निम्मं गाव. सात पावलांवर उभं. केशरबाईने ताट ठेवलं आणि ह्या वेळी मागे गेली नाही, ओट्याखाली बसली. माझी एकच गाय हाय, म्हणाली. नवरा न्हाई, लेक न्हाई, तीच हाय.

एका महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याजवळ बसलं होतं. मी जेवलो. ती गायीबद्दल बोलत राहिली, आणि मी हळूहळू घास घेत होतो, कारण जेवण संपलं की ती उठून जाणार होती. मला माझीच कीव आली.

७ डिसेंबर, बुधवार

केशरबाईची गाय—तीन. वासरं उठली. चरतात.

मी—त्र्याऐंशी.

बाटलीतला थेंब एकदाच पुरेल आता.

८ डिसेंबर, गुरुवार

आईचं कार्ड. तुला रजा नाही तर मीच येते. उद्या दुपारच्या गाडीने. मोरी शेजाऱ्यांकडे सोपवली आहे.

नको. तिने इथे येऊन परत मोरीपाशी जायचं—नको. उद्या फाट्यावरच गाठून माघारी लावतो. लांबूनच बोलेन.

डोळे जळतात. लिहिताना वहीवर थेंब पडतात, ते पुसायचीही भीती वाटते.

९ डिसेंबर, शुक्रवार

दुपार. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

फाट्यावर दोन तास उभा होतो. आई तिथे उतरलीच नाही. ती अलीकडच्या थांब्यावर उतरून पाटाच्या कडेने चालत आली होती. मी धावत परत आलो तर ओट्यावर आई बसलेली, पुढ्यात पत्रावळ. रिकामी. ती दुमडत होती. सात पावलांवर केशरबाई, तोंडाला पदर.

केशरबाईने सांगितलं—म्हातारीने एवढंच विचारलं की हे माझा ल्योक खातो का. हो म्हटल्यावर बसली आणि जेवली.

आईने ताट बघताक्षणी ओळखलं होतं. तिच्या लहानपणी शिवेवरचं हे अन्न उचलणं तिच्या बापाच्या वाट्याला होतं. घरात तेच खायला लागायचं आणि रोग जिथे नेऊन ठेवायचा तिथेच राहायला लागायचं. म्हणून तर सोडलं ते सगळं, म्हणाली. दहा वर्षांची होती तेव्हा. त्यानंतर हे अन्न आज.

मी ओरडलो तिच्यावर. का खाल्लं? ती शांतपणे म्हणाली, "आपन मानीत न्हाई न्हवं? मग मी खाल्लं काय आन् तू खाल्लं काय." मग माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि पदराने ते पुसले. तीनची गाडी हाय, म्हणाली. तू जा. मोरी आज-उद्या विणंल. मी ऱ्हाते हितं.

मी जाणार नाही. तिला तसं सांगितलंय. ती पिशवीतून लुगडं काढून दोरीवर टाकते आहे, चार दिवस राहायला आल्यासारखं.

शून्य लावलं. शेवटचा थेंब.

आधी माझं. दोन.

दोन!

डोळ्यांची जळजळ थांबली आहे. मला लाज वाटते, पण थांबली आहे. तोंडातली आगसुद्धा. हौदावरची म्हैस इकडे तोंड करून उभी आहे.

आता आईचं. ती हसत होती, गुदगुल्या होतात म्हणाली. पाणी काढावं लागलं नाही. डोळ्याच्या कडेला होतंच. वाऱ्याचं असेल. चालून आली आहे, उन्हाचं असेल. पाणी सोडलं. दोन मिनिटं लागतात. तोवर लिहीत राहतो.

चार.

नऊ. नऊपर्यंत निरोगीच—

सतरा. आई म्हणते, गाडी चुकंल.

तीस. केशरबाई ओट्याजवळ आली, आईच्या पायाशी डोकं—मावशी, उठा, ती माझी आई आहे, ती काही—

अठ्ठेचाळीस. अजून थांबत नाही. आई, तू बोलू नकोस, मी कुठेही जात नाही, मी मंगळवारी पुन्हा जेवेन, सगळं मीच—एकसष्ट—आई माझी पिशवी भरते आहे आणि